गॅलरीतली बाग : लालबागचं पत्र आणि ज्युनिपरचं झाड

मैत्रिणींनो, या आठवड्यात खरं तर कढीपत्त्यावर लिहायचं ठरलं होतं. टिपणंही काढून झाली होती. पण मधेच लालबागहून एक पत्र आलं. चांगलं तीन पानी, हातानं लिहिलेलं, सोबत एक फोटो. ते वाचलं आणि कढीपत्ता बाजूला ठेवला. पत्रलेखिकेनं नाव छापू नका म्हणून बजावलंय, तेव्हा छापत नाही. मजकूर मात्र आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरातला आहे.

हकिगत अशी. बाईंच्या लग्नाला चार वर्षं झाली. मार्च महिन्यात लग्नाच्या वाढदिवसाला यजमानांनी हौसेनं एक बोन्साय आणलं. ज्युनिपरचं. निळी चकचकीत कुंडी, त्यात वीतभर उंचीचं, अंगात वळण घेतलेलं झाड आणि बुंध्याशी पांढरे खडे. सासूबाईंनी त्याच दिवशी नाक मुरडलं. खुरटवलेलं झाड घरात आणू नये म्हणाल्या. सुनेनं मात्र त्याला तुळशीसारखं जपलं. सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेलं तांब्यातलं त्याला. पाऊस सुरू झाला तशी गॅलरीत झड येऊ लागली, म्हणून तिनं ते आत आणून टीव्हीच्या शेजारी ठेवलं. गणपतीत आल्यागेल्यानं कौतुक केलं. अनंत चतुर्दशी झाली आणि पुढच्या आठ दिवसांत झाड तपकिरी पडलं. हात लावावा तर पानं झडतात. सासूबाई म्हणाल्या, ‘हिच्या हाताला गुणच नाही. हिच्या हातून काही रुजायचं नाही.’

त्या वाक्याचा रोख कुठं आहे ते तुम्हाला कळलं, मलाही कळलं. मी त्यात शिरत नाही. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न आहे : ‘माझ्याच हातानं झाड मेलं, हे खरं का?’

नाही हो. आधी हे उत्तर घ्या, मग बाकीचं सांगते.

ज्युनिपरची एक खोड आहे आणि ती विकणारे सहसा सांगत नाहीत. हे झाड मेलं तरी हिरवंच दिसतं. आपला गुलाब, जास्वंद, तुळस कशी लगेच मान टाकतात, बोलतात आपल्याशी. ज्युनिपरची पानं बारीक, कडक, मेणचट. मुळं कुजून गेली तरी त्या पानांतला ओलावा कित्येक आठवडे टिकतो आणि झाड हिरवं राहतं. तपकिरी रंग दिसतो तेव्हा सगळं केव्हाच आटोपलेलं असतं. म्हणजे गणपतीत पाहुणे ज्याचं कौतुक करत होते ते झाड बहुधा श्रावणातच गेलं होतं. फोटोत कुंडीखाली काठोकाठ भरलेली ताटली दिसते आहे. आणखी एक पाहिलं. ते पांढरे खडे सुटे नाहीत, डिंकासारख्या कशानं तरी एकमेकांना चिकटवलेत. ने-आण करताना सांडू नयेत म्हणून दुकानात तसं करतात. त्या थराखाली माती ओली आहे की सुकी ते दिसत नाही, आणि खाली हवाही नीट जात नाही. ‘घरात ठेवा, रोज थोडं पाणी घाला’ असं दुकानदारानं सांगितलं होतं, असं पत्रात आहे. बाईंनी सांगितलं ते इमानानं केलं. सांगणाराच चुकला, त्याला सून काय करणार?

आता हे पाहुणे मूळचे कुठले ते पाहू या. ज्युनिपरच्या पन्नास-साठ जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक थंड मुलखातल्या किंवा उंच डोंगरावरच्या. आपल्या हिमालयातही आहेत. लडाखात त्याला शुक्पा म्हणतात आणि त्याच्या डहाळ्या धूप म्हणून जाळतात. काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर मिळतं ना, वैद्य ज्याला हपुषा म्हणतात, ते ज्युनिपरचंच फळ. विलायतेत तेच फळ घालून जिन नावाची दारू करतात, आणि जिन हे नावही या झाडावरूनच पडलं. जुन्या विलायती पेन्सिलींना टोक काढताना जो छान वास यायचा, तो अमेरिकेतल्या ज्युनिपरच्या लाकडाचा. (हाऊबेर औषधात असलं, तरी कुंडीतल्या ज्युनिपरची फळं तोंडात घालायची नाहीत हं. काही जाती विषारी आहेत, आणि गरोदरपणी तर मुळीच नको.)

अशा झाडाला हिवाळ्यात झोप लागते. थंडी पडली की वाढ थांबते आणि वर्षभराचा शीण निघतो. आपल्याकडे त्याला ती झोप कुठली मिळायला! मुंबईतल्या नीचांकी थंडीची नोंद १९६२ च्या जानेवारीतली, सांताक्रूझची, ७.४ अंश. ती आपल्या दृष्टीनं हुडहुडी, ज्युनिपरच्या दृष्टीनं सुखद गारवा. एरवी आपला जानेवारी म्हणजे रात्री सतरा-अठरा अंश, त्याला काही कळतसुद्धा नाही. वर पाऊस दोन हजार मिलिमीटरच्याही पुढे, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेव्हा परळ-लालबागच्या चाळीत ज्युनिपर ठेवणं म्हणजे डोंगरातला माणूस आणून भर ऑगस्टात सकाळच्या लोकलमध्ये उभा करण्यासारखं आहे. जगत नाही असं नाही, पण सांभाळून घ्यावं लागतं.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. मी १९८४ साली लग्न होऊन गिरगावात आले. दीड खोली आणि कठड्याची सामाईक गॅलरी. तिथं मी एकामागून एक तीन ज्युनिपर मारली. पहिलं खोलीत ठेवून, दुसरं मातीत ठेवून (ते कसं ते पुढं येतंच), आणि तिसरं उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजारणीवर सोपवून. बिचारीनं मायेनं दिवसातून तीनदा पाणी घातलं. चौथं आज दादरच्या घरी गच्चीवर आहे, त्याला अकरा वर्षं झाली. दिमाखदार वगैरे नाही, पुण्याच्या झाडांपुढे रोडच दिसतं. पण आहे.

पुण्याचं नाव निघालं म्हणून सांगते. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात प्राजक्ता काळे यांनी ‘बोन्साय नमस्ते’ हे मोठं प्रदर्शन भरवलं होतं, तीन हजारांहून अधिक झाडांचं. अशा ठिकाणी ज्युनिपर पाहिलं की आपल्यालाही हवं असं वाटतंच. पण पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथं हिवाळ्याच्या रात्री दहा-बारा अंशांवर येतात आणि पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी. तिथं जमलेलं इथं तसंच जमेल असं धरून चालू नये. मुंबईत बोन्साय म्हटलं की ज्योती आणि निकुंज पारेख या दांपत्याचं नाव निघतं. त्यांनी उष्ण प्रदेशातल्या झाडांवर एवढं लक्ष दिलं, ते काही उगीच नाही.

तरी ज्युनिपरच हवं असेल, तर जात पाहून घ्या. सगळं इथंच आहे.

पहिली पसंती प्रोकम्बेन्स जातीच्या ‘नाना’ या ठेंगण्या प्रकाराला. नाव ऐकून हसू नका, लॅटिनमध्ये नाना म्हणजे बुटकी. ही जात मूळची दक्षिण जपानच्या समुद्रकाठची. म्हणजे खारा वारा आणि दमट हवा तिला अगदीच नवी नाही. पानं सुईसारखी, टोचरी, फांद्या जमिनीसरशी पसरणाऱ्या. कुंडीच्या कडेवरून खाली झुकवली तर फार छान दिसते. माझं चौथं झाड हेच.

दुसरी चिनी ज्युनिपर, चायनेन्सिस. जपानी लोक जिला शिम्पाकू म्हणतात ती याच जातीतली. तिची जून पानं खवल्यांसारखी असतात, वेणीसारखी गुंफलेली, हाताला मऊ लागतात. शिम्पाकूतही इतोईगावा, किशू अशी गावांची नि प्रांतांची नावं मिरवणारे प्रकार आहेत आणि बोन्सायवाल्यांचा जीव त्यांच्यावर. तैवान, इंडोनेशिया अशा उबदार देशांतही लोक चिनी ज्युनिपर वाढवतात, त्यामुळे आपणही हात घालायला हरकत नाही. मात्र महागाचं झाड पहिलंच घेऊ नका. या झाडावर मधूनच खवल्यांच्या जागी टोचऱ्या सुया येऊ लागल्या तर घाबरू नका. फार छाटलं किंवा झाडाला ताण पडला की ते पुन्हा पोरवयातली पानं काढतं. छाटणी थांबवा, इतकंच.

निळसर झाक असलेलं ‘ब्लू स्टार’ पाहून मोह होईल. ते स्क्वामाटा जातीचं. ही जात हिमालयातली, उंचावरची. आपल्या मे महिन्यात ते टिकवणं मला तरी साधलेलं नाही. अमेरिकेतली जमिनीवर लोळणारी हॉरिझाँटॅलिस आणि हाऊबेराची कम्युनिस, या दोन्हींच्याही नादी लागू नका. माणूस ‘आपल्याच देशातलं झाड आहे’ म्हणून हिमालयातली जात घेतो आणि फसतो. देश एक असला तरी उंची एक नाही.

आणखी एक घोटाळा पाहते. काही ठिकाणी ज्युनिपर म्हणून चक्क मोरपंखी गळ्यात मारतात. शाळेत असताना वहीत ‘विद्या’ ठेवायचो, आठवतंय? ती चपटी, जाळीदार, हिरवी डहाळी? ते मोरपंखी. ज्युनिपरचं ते चुलत भावंड, कुळ एकच. फसवलं गेलं म्हणून वाईट वाटेल, पण मला विचाराल तर मुंबईत तेच जास्त बरं. आपलं ऊन आणि आपला पाऊस दोन्ही सोसतं. पानांचे पंखे उभे राहतात म्हणून ज्युनिपरसारखे ढगांचे थर त्यात नीट येत नाहीत, एवढीच उणीव.

आता ठेवायचं कसं. ज्युनिपर घरातलं झाड नाही. टीव्हीवर, शोकेसमध्ये, जेवणाच्या टेबलावर कुठंही नाही. त्याला उघडी हवा आणि रोज पाच-सहा तासांचं ऊन लागतं. पूर्वेची गॅलरी असेल तर उत्तम. पश्चिमेची असेल तर एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरात दुपारनंतर जुन्या सुती साडीचा आडोसा करा, कारण उथळ कुंडी तापली की मुळं भाजतात. दोन-चार पाहुणे येणार म्हणून एखादी संध्याकाळ आत आणलंत तर चालेल. रात्री परत बाहेर.

मातीत ठेवून दुसरं झाड मारलं म्हटलं ना, ते असं. मी त्याला गुलाबाला घालतात तशी छान लाल माती आणि शेणखत घातलं होतं. पावसात त्याचा चिखल झाला आणि मुळांना श्वास घ्यायला जागा उरली नाही. ज्युनिपरला आपल्या अर्थानं माती नकोच. दोन भाग विटांचा चुरा, मुगाएवढा ते हरभऱ्याएवढा. एक भाग जाड रेती. एक भाग चांगलं कुजलेलं खत. सगळं चाळून बारीक पूड काढून टाकायची, कारण ती पूडच पुढं चिखल करते. वीट आणायला कुठं लांब जायला नको. गिरगाव-परळला जुन्या चाळी पाडून टॉवर उठताहेत, पडलेल्या विटा दिसतातच. फक्त चुना-सिमेंट लागलेला तुकडा घेऊ नका. आणि चौपाटीची वाळू? मुळीच नाही, ती खारी असते. मुळं छाटून कुंडी बदलायची ती जानेवारी-फेब्रुवारीत, हवा त्यातल्या त्यात गार असताना. एका वेळी निम्म्याहून जास्त मुळं काढायची नाहीत.

पाणी रोज ठरावीक वेळी घालायचं ही आपली तुळशीची सवय. ती इथं सोडावी लागते. माझी युक्ती सांगते. जळून गेलेल्या उदबत्तीची बांबूची काडी धुऊन ठेवा. ती कुंडीत दोन बोटं खोल खुपसा आणि दहा मिनिटांनी काढून पाहा. ओली, काळपट आली तर पाणी नाही. जवळजवळ सुकी आली तर पाणी, आणि तेही खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत. मे महिन्यात कदाचित सकाळ-संध्याकाळ लागेल. जुलैत आठ-आठ दिवस लागायचंही नाही. खालची ताटली मात्र कायमची काढून टाका. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळवणावर पाणी पडतं म्हणून ताटली ठेवायची असेल, तर त्यात दोन विटांचे तुकडे ठेवा आणि वर कुंडी, म्हणजे बूड पाण्यात राहणार नाही.

पावसाळ्याचं जरा सविस्तर सांगते, कारण मुंबईत ज्युनिपर जातं ते याच चार महिन्यांत. लोकांना वाटतं पावसानं मारलं. नुसता पाऊस मारत नाही. निचऱ्याची कुंडी असेल तर हे झाड भिजूनही राहतं. मारतो तो अंधार आणि साचलेलं पाणी, दोन्ही मिळून. ऊन नाही म्हणजे झाड पाणी ओढत नाही, आणि आपण तर घालतच असतो. म्हणून पावसाळ्यात झाड आत नेऊ नका. गॅलरीत कौलाखाली किंवा छज्जाखाली, पण कठड्याला लागून, जिथं उजेड जास्तीत जास्त आहे तिथं ठेवा. संततधार लागली की कुंडीच्या एका बाजूला लाकडाचा तुकडा घालून ती तिरकी करा, पाणी पटकन उतरतं. पागोळ्यांची धार थेट कुंडीत पडू देऊ नका. खत बंद. छाटणी बंद. आणि मधूनच उघडीप मिळाली की दोन तास उन्हाला लावायचं, पापड-कुरडया लावतो तसं. माझे यजमान म्हणतात की एवढी काळजी त्यांच्या सर्दीची कधी घेतली नाही.

उघडीप झाली की दुसरा शत्रू येतो, लाल कोळी. डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा. पानांवर धुरकट, धुळकट रंग आला की फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदीला टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर तोच. पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालून वरून मारायचा, दोन-तीन दिवसांआड. तेवढ्यानं गेला नाही तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल, किंचित साबण घालून घुसळून, उन्हं उतरल्यावर फवारायचं.

कापताना एकच लक्षात ठेवा. ज्या फांदीवरची सगळी हिरवी पानं काढली, ती फांदी गेली. ज्युनिपर जुन्या उघड्या लाकडातून सहसा फुटत नाही. आपला वड बुंध्यापासून तोडला तरी फुटतो, याला तसं चालत नाही. शेंडे नखांनी खुडत बसू नका, कात्रीनं लांबलेला कोंब तेवढा आत कापा. वळण द्यायला ॲल्युमिनियमची तार बरी. लोहार चाळीत तारांची दुकानं आहेत, तिथं चौकशी करा. तार सालीत रुतण्याआधी कापून काढायची. उलगडायला जाल तर फांदी मोडेल.

राहिलं ते ‘खुरटवलेल्या’ झाडाचं. सासूबाईंच्या पिढीला ते क्रूर वाटतं आणि मला त्यांचा राग येत नाही. मीही आधी तसंच म्हणत असे. पण बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवणं नव्हे. जपानी शब्दाचा अर्थ एवढाच की उथळ कुंडीत लावलेलं. मुळं कापली की नवी मुळं येतात, खत-पाणी मिळत राहतं. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात एक जपानी पांढरं पाईन आहे. ज्युनिपर नव्हे, पाईन. ते १६२५ पासून कुंडीत आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाच्या घरी होतं, १९४५ चा बॉम्ब पडला त्यातूनही वाचलं आणि १९७६ साली अमेरिकेला भेट म्हणून गेलं. चारशे वर्षं, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. अशुभ म्हणावं तर कशाला?

आता लालबागच्या ताईंसाठी. दिवाळीआधी नवीन झाड आणू नका, मन कितीही हळहळलं तरी. दिवाळीनंतर हवा उतरली की घ्या. घेताना एखादी बारीक फांदी हलकेच वाकवून पाहा, लवली पाहिजे. बुंध्याला नखानं किंचित खरवडा, आत ओलसर हिरवं दिसलं पाहिजे. दुकानदार रागावला तर दुसरीकडे जा. भायखळ्याच्या राणीच्या बागेत फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तिथं बोन्साय पाहायला मिळतात आणि ती वाढवणाऱ्यांशी बोलताही येतं. लालबागहून चालत जाण्यासारखं आहे. सासूबाईंनाही न्या. बाग जुनी आहे, १८६२ सालची, त्यांच्या आठवणी निघतील. आणि पहिलं झाड मोरपंखीचं घेतलंत तर मला आनंद वाटेल.

त्याआधी एक काम. ते मेलेलं झाड फेकून देऊ नका. यजमान आणि सासूबाई दोघंही घरी असतील अशा वेळी वर्तमानपत्र पसरा, वरचे चिकटवलेले खडे उचकटा, आणि कुंडी उपडी करून झाड बाहेर काढा. निरोगी मुळं फिकट तपकिरी आणि चिवट असतात, टोकं पांढरी. तुमची काळी, मऊ निघतील, चिमटीत धरून ओढली तर साल हातात येईल, आणि कुबट वास येईल. तो वास सासूबाईंना घेऊ द्या. तुमच्या बाजूनं एक शब्दही बोलू नका. मग कुंडी घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन दोन दिवस कडक उन्हात पालथी घाला, पुढच्या झाडाला तीच चालेल.

कढीपत्त्याच्या पानांवर पडणाऱ्या काळ्या काजळीबद्दल आता पुढच्या अंकात.